डमी काका नगराध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा

झेरॉक्सच्या दुकानात लोक कॉपी घेऊन जातात आणि ओरिजिनल काचेखाली विसरतात. माझ्या ड्रॉवरमध्ये आजही दोन जन्माचे दाखले, एक सातबारा आणि कुणाच्या तरी सासऱ्याचं आधार कार्ड पडून आहे. किस्सेही असेच मागं राहतात. मी काही ते गोळा करायला गेलो नव्हतो. तहसीलसमोर इतकी वर्षं दुकान टाकून बसलं की ते आपोआप साचतात, आणि निवडणूक लागली की ड्रॉवर बंदच होत नाही!

तर हे सगळे नगराध्यक्षाच्या एका निवडणुकीतले. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण मला दुकान इथंच चालवायचंय. गावात दोनच घराणी नगरपालिका आलटून पालटून चालवतात. एक पडलं की दुसरं येतं, पण आमच्या शेवटच्या गल्लीत नळाला पाणी काही बाराव्या दिवसाच्या आत येत नाही. हे इतकं अंगवळणी पडलंय की गल्लीत कुणाला 'कधी भेटू?' विचारलं तर तो 'पाण्याच्या दुसऱ्या दिवशी' म्हणतो.

माझ्या दुकानात रोज बसणारे दोघं. एक बंडूअण्णा, शेजारचे किराणा दुकानदार. कपाळाला भस्म, सासुरवाडी कर्नाटकातली. राग आला की कानडीत बोलतात, त्यामुळं कुणाला लागत नाही. दुसरे वामनकाका, नगरपालिकेतून रिटायर झालेले व्हॉल्व्हमन. आयुष्यभर सायकलवर फिरून या गल्लीचं पाणी सोड, त्या गल्लीचं बंद कर, हेच काम केलेलं. बोलणं कमी आणि घड्याळ पक्कं.

* * *

निवडणुकीत मोठा उमेदवार आपल्याबरोबर एक डमी अर्ज भरायला लावतो. छाननीत आपला अर्ज बाद झालाच तर पर्यायी उमेदवार हाताशी असावा म्हणून. बहुतेक जण बायकोचं नाव टाकतात. आमचे दादा म्हणजे त्या दोन घराण्यांपैकी एकाचे वारस आणि त्या वेळचे उमेदवार. त्यांनी बायकोचं टाकलं नाही आणि भावाचंही टाकलं नाही. कारण ती दोघं खरंच उभी राहिली असती!

त्यांना असा माणूस हवा होता ज्याला काहीच व्हायचं नाही. वामनकाकांचं नाव निघालं. शिवाय काका बौद्ध समाजातले, त्यामुळं 'आम्ही सर्वांना सोबत घेतलं' हे वाक्य भाषणात फुकट मिळालं. दादांनी काकांच्या घरी जाऊन चहा घेतला आणि काकांना घरी आलेल्या माणसाला नाही म्हणता आलं नाही.

दोन्ही अर्ज माझ्याच दुकानात भरले. दादांचा अर्ज त्यांच्या कार्यकर्त्या पोरांनी पंधरा मिनिटांत उरकला. काका मात्र चष्मा लावून दोन तास बसले. प्रत्येक रकाना वाचायचे आणि मग सांगायचे. 'व्यवसाय' आल्यावर दादांचा एक पोरगा म्हणाला, "काका, समाजसेवक लिहा. समदेच लिहितेत."

काका म्हणाले, "समाजसेवा म्या कवा केली? ड्युटी केली." आणि 'निवृत्त व्हॉल्व्हमन' असं लिहायला लावलं.

पोरगा वैतागला. "अहो काका, डमीचा फॉर्म हाय! कुणी वाचणार बी न्हाय!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "फॉर्म डमी आसंल बाबा. सही तर माझीच हाय ना?"

* * *

दादांच्या सहीची गोष्ट मात्र वेगळी झाली.

अर्ज भरण्याआधी दादा सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला जाऊन आले. तिथवर ठीक होतं. पण त्यांच्या मेहुण्यानं कुठल्यातरी ज्योतिषाकडून मुहूर्त आणला होता, बारा वाजून एक्केचाळीस मिनिटं. सही करायची ती त्याच मिनिटाला! मी अर्जावर चार ठिकाणी पेन्सिलनं फुल्या मारून दिल्या होत्या आणि म्हणालो, "दादा, चारही आत्ताच करून टाका."

"मुहूर्ताआधी पेन उघडायचा न्हाय," मेहुणा म्हणाला.

बारा एक्केचाळीसला तहसीलच्या आवारात हलगी कडाडली. दादांनी नवा पेन काढला, पहिल्या फुलीवर झोकात सही केली. फोटो निघाले, हार पडले, कुणीतरी गुलाल उधळला. तोवर बारा बेचाळीस झाले. उरलेल्या सह्या आत गेल्यावर करू, असं ठरलं. आत दोन झाल्या. चौथी शेवटच्या पानावर, प्रतिज्ञेखाली होती. ते पान हारांच्या पाण्यानं भिजलेल्या गुलालानं मागच्या पानाला चिकटलेलं!

छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकारी साहेबांनी पान सोडवलं. फुली होती आणि सही नव्हती. दादांचा अर्ज बाद झाला.

पोरं माझ्या दुकानावर चालून आली. "तू सांगितलं का न्हाईस?" मी झेरॉक्स काढून ठेवलेली होती, पेन्सिलच्या चारही फुल्यांसकट. ती काउंटरवर ठेवली. बंडूअण्णा शांतपणे म्हणाले, "एका मिनिटाचा मुहूर्त हुता, एका मिनिटात एकच सही व्हनार की!"

दुपारी तीनच्या सुमाराला साहेबांनी यादी लावली. त्यात दादांच्या आघाडीच्या नावापुढं वामनकाकांचं नाव होतं. काका तेव्हा दुकानात बसून शेंगदाणे खात होते. मी सांगितलं तर म्हणाले, "मग आता उतरायचं कसं?"

* * *

दादा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना सुचलं की डमी म्हणजे आपणच! निवडून काका येतील, खुर्चीमागं आपण. मग जोर आला. दादांचा फोटो असलेले फ्लेक्स आधीच छापून आले होते, त्याच फ्लेक्सवर दादांच्या छातीपाशी काकांचा आधार कार्डावरचा फोटो चिकटवला. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, दादांनी खिशाला बिल्ला लावलाय.

चौकात कॉर्नर सभा झाली. दादांनी काकांच्या खांद्यावर हात टाकून माइकवर गर्जना केली, "बंधूंनो, वामनकाका म्हणजे मीच! असं समजा की मीच उभा हाय!"

टाळ्या पडल्या. मग माइक काकांकडं आला. काकांना भाषणाची सवय नाही, त्यांना वाटलं चूक झालीय तर दुरुस्त करावी. अगदी अदबीनं म्हणाले, "न्हाय दादा, तुमी बाद झालाव."

सभेतलं हसू पाच मिनिटं थांबलं नाही. मी इतकं हसलेलं गाव पहिल्यांदाच बघितलं. त्या हसण्यात काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं, कितीतरी वर्षं मनात होतं ते कुणीतरी माइकवर म्हणून टाकल्यासारखं. दादाही हसले, पण उशिरा हसले.

दुसऱ्या बाजूनं लगेच प्रचार सुरू केला की यांचा उमेदवार डमी आहे. बाजारात भाजी विकणारी एक बाई त्यांच्या रिक्षाला उद्देशून ओरडली, "खरे लई बगून झाले की!"

* * *

आमचे बंडूअण्णा मात्र काकांवर खार खाऊन होते. कारण जुनं. अण्णांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी काकांना गल्लीचा व्हॉल्व्ह दहा मिनिटं जास्त चालू ठेवा म्हणून विनवलं होतं. दारात मांडव, पाचशे माणूस जेवायला. काकांनी घड्याळ बघितलं आणि वेळेला व्हॉल्व्ह बंद केला. अण्णांना टँकर मागवावा लागला.

एका दुपारी दुकानात आम्ही तिघंच होतो. अण्णांनी विषय काढलाच. "वामनराव, व्हॉल्व्ह फिरवनं येगळं, नगरपालिका फिरवनं येगळं. आन् तुमी तर शेजाऱ्याला दहा मिनिटं दिली न्हाईत. गावाला काय देनार?"

काका म्हणाले, "अण्णा, तुमची दहा मिनिटं खालच्या गल्लीच्या वाट्यातनं जायची हुती. माझा आज्जा आडावर घागर घिऊन बसायचा. वरच्या जातीतल्या कुनी वाडलं तर पानी. न्हाय वाडलं तर बसून ऱ्हायचं. वाट बगनं काय आसतं, ते आमच्या घरात सांगावं लागत न्हाय."

अण्णा काही बोलले नाहीत. कानडीतही नाही. मला त्या वेळी लाज वाटली. माझी नाही, आणि अण्णांचीही नाही. त्या आडाची वाटली, आणि या गोष्टीला माझ्या दुकानात यायला इतकी वर्षं लागली त्याची वाटली.

संध्याकाळी दुकान बंद करताना अण्णांना विचारलं, "मग, मत कुणाला?" दर निवडणुकीत त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, 'कुनीबी येऊ दे, आपल्याला काय.' त्या दिवशी कुलूप लावता लावता म्हणाले, "बगू."

आमच्याकडं 'बघू' म्हणणारा माणूस निम्मा तयार झालेला असतो. निम्मा, जास्त नाही!

* * *

काका प्रचाराला आमच्या शेवटच्या गल्लीत आले. मागं दादांची पोरं, घोषणा द्यायला. काका हात जोडायच्या आधी प्रत्येक दारातल्या नळाकडं बघत होते, हाच काय तो त्यांचा प्रचार. माझ्या घरासमोर जैतूनबी चाची राहतात. सत्तरीच्या, गुडघे गेलेले, एकट्या. पाणी आलं की सगळी गल्ली आधी त्यांचं भरून देते, पण बारा दिवस पुरवायचं त्यांचं त्यांनाच. आंघोळ कधी करायची आणि भांडी कधी घासायची, याचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे.

चाचींनी उंबऱ्यात बसूनच विचारलं, "वामनभाई, बारा दिन का कितना करते?"

मागनं पोरं कुजबुजली, "काका, रोज म्हना! समोरचे रोज म्हनायलेत!"

काका म्हणाले, "चाची, रोज न्हाय व्हनार. पाइप जुना हाय. पण वर दोन व्हॉल्व्ह हायेत, ते कुनी बंद करत न्हाय. ते वेळेला बंद केले तर आठ दिवसाला येतंय. आठ झाल्यावर सातचं बगू."

पोरांनी कपाळाला हात लावला. आठ दिवसाला पाणी, हे काय आश्वासन झालं? पण चाची मान हलवत म्हणाल्या, "रोज बोलनेवाले भोत देखी मैं. ये आठ बोल्या."

त्या रात्री जेवताना मी बायकोला सहज म्हणालो, "आठ दिवसाला आलं तर कूलर लावता येईल." ती एकदम माझ्याकडं बघायला लागली. मग मलाच भीती वाटली. नाराज राहायची मला सवय आहे, ती सोपी असते. खरं सांगतो, आशा वाटायला लागल्यावर मी जरा घाबरलो. काका पडले तर? आणि निवडून आले, आणि दादांनी त्यांना खुर्चीत बसवून सही तेवढी घेतली तर? ईट गावात मास्तरीण असलेली काकांची लेक तर वडिलांना फोन करून म्हणाली होती, "बाबा, हरलात तर घरी या. जिंकलात तर मात्र घरी विचारून सही करा."

मी बायकोला म्हणालो, "कूलरचं राहू दे. बघू." तिनं ताटात एक भाकरी जास्त वाढली.

* * *

मतदानाच्या दिवशी दुकान बंद होतं. दुपारी बोटाला शाई लावून मी गल्लीत आलो. निकाल लागायला अजून अवकाश होता, आणि आमच्या गल्लीत पाणी येऊन पाच दिवस झाले होते. म्हणजे अजून सात दिवस नळ कोरडा.

आणि जैतूनबी चाचींच्या दारात गोधड्या वाळत होत्या!

गोधडी किती पाणी पिते ते शेवटच्या गल्लीला विचारा. आमच्याकडं कुणी गोधड्या घरी धूत नाही. चाची तर दरवर्षी ऑटोत घालून तेर गावी लेकीकडं पाठवतात, नदीवर धुवायला. आणि इथं तीन गोधड्या दोरीवर निथळत होत्या. चौथी दगडावर होती आणि चाची बसल्या जागेवरून ती हातानं बडवत होत्या. बोटाची शाई साबणाच्या फेसात चमकत होती. सगळ्या गल्लीत ओला वास पसरला होता. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या.

मी धावतच गेलो. "चाची, अहो काय करताय? पाण्याला अजून सात दिवस आहेत! निकालसुद्धा लागला नाही! सगळं पाणी घातलंत?"

चाचींनी गोधडी पिळली. माझ्याकडं वर बघितलं आणि ओल्या हातानं आत बोट दाखवलं. कोपऱ्यात दोन निळे ड्रम होते.

"एकच खाली करी, बेटा. दुसरे का ढक्कन नै खोली."