राखेखालचं शेवाळ

फेक्ला लग्न होऊन झिनोवीच्या तंबूत आली तेव्हा तिच्या सासऱ्यांनी तिला एकच ताकीद दिली. डोंगराकडे बोट दाखवायचं नाही आणि त्याचं नाव घ्यायचं नाही. कामचटकातले ते एवेन लोक, रेनडियर पाळणारे. ज्वालामुखीला ते नुसतं 'आजा' म्हणत. ढग उतरले की आजानं पांघरूण घेतलं, धूर निघाला की आजा चिलीम ओढतोय.

सासरे गाव्रीलबाबा गप्प स्वभावाचे, पण आजाबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. नदीनं डोंगराचा पायथा एके ठिकाणी उभा कापला होता. तिथे नेऊन त्यांनी सुनेला आजाचं पोट दाखवलं होतं. काळा लाव्हा, त्यावर पिवळट राख, त्यावर पाण्यात तरंगतो तो हलका दगड, मग पुन्हा लाव्हा. एका थरात तर झाडं उभीच्या उभी गाडलेली, कोळसा झालेली.

"हा असाच ओकत ओकत वाढलाय," ते म्हणाले. "आणि आपण त्याच्या उष्ट्यावर जगतो."

ते खरंच होतं. जुन्या राखेवरच पांढरं शेवाळ दाट माजे आणि त्या शेवाळावर हिवाळाभर हरणं जगत. कळप सरकारी होता, माणसं पगारी होती, पण आपलं हरीण कोणतं आणि सरकारचं कोणतं हे फेक्लाला कधी वेगळं वाटलं नाही. ती कातडी कमवायची, फरचे बूट शिवायची, तंबू उभारायची, मोडायची. स्वयंपाकाआधी चरबीचा तुकडा नैवेद्य म्हणून चुलीला द्यायची. झिनोवी कळप राखणाऱ्या टोळीचा प्रमुख होता. उंच, हसरा, आणि बायकोची खोडी काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. चौथा माणूस केशा, झिनोवीचा लहानपणापासूनचा दोस्त, ज्याला तंबाखू मिळाली की बाकी काही लागत नसे.

आणि लुशा, त्यांची मुलगी. ती सात वर्षांची झाली तेव्हापासून दर शरदात हेलिकॉप्टर यायचं आणि तिला गावच्या वसतिगृहात घेऊन जायचं. पहिल्या खेपेला लुशानं आईचा कोट सोडला नव्हता. बोटं एकेक करून सोडवावी लागली. यंदा ती आपली आपण चढली आणि खिडकीतून मागे बघितलंसुद्धा नाही. फेक्ला त्या दिवशी जेवली नाही.

लुशा गेली आणि थोड्याच दिवसांत आजा फुटला.

आधी जमीन थरथरली, भांडी वाजली. मग आभाळ काळवंडलं आणि तंबूवर कुणी धान्य ओतावं तसा आवाज यायला लागला. नुकताच पडलेला बर्फ दुपारपर्यंत करडा झाला. दातांत कचकच, डोळ्यांत कचकच, चहाच्या तळाशी गाळ. हरणं खुरांनी बर्फ उकरत आणि राखेसकट शेवाळ खात. दुसरं काही नव्हतंच. हळूहळू ती खोकायला लागली. एका मादीच्या हिरड्यांतून रक्त येताना दिसलं म्हणून फेक्लानं तिचा जबडा उघडून बघितला. मागच्या दाढा कानशीनं घासल्यासारख्या सपाट झाल्या होत्या. ती राख म्हणजे काचेचा चुराच होता.

झिनोवीनं रेडिओवरून कार्यालयाला कळवलं. कार्यालय म्हणालं, जागा सोडू नका, हवा उघडली की माणसं पाठवतो. हवा उघडेना. राखेत हेलिकॉप्टर उडत नाही हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं. झिनोवी रोज रेडिओपाशी बसे आणि रोज तेच ऐके. पुढे बॅटरीही संपली.

"पलीकडे जाऊ," एका सकाळी तो म्हणाला. "वारा राख इकडेच आणतोय. कोरडीच्या पलीकडचं शेवाळ स्वच्छ असणार."

कोरडी म्हणजे आजाच्या उतारावरून येणारं नदीचं रुंद पात्र. पाणी वरच राखेत जिरून जाई, म्हणून खाली नुसती करडी वाळू आणि धोंडे. गाव्रीलबाबांना ते पसंत नव्हतं. आजाच्या डोक्यावर बर्फ आहे आणि बर्फाखाली आग आहे, एवढंच ते म्हणाले.

"मग इथे बसून काय करू, बाबा? एकेकाला मरताना बघू?"

फेक्लानं तंबू मोडायला घेतला. तिला भीती वाटत होती, पण त्या मादीचा जबडा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

फेक्ला आणि गाव्रीलबाबा सामानाची जनावरं आणि माद्या घेऊन पुढे निघाले. बाबा घोड्यावर, ती पायी. मधल्या कळपाबरोबर झिनोवी, शेवटी केशा. निघताना झिनोवी तिच्या टोपीवरची राख झटकत म्हणाला, "म्हातारी दिसतेस. पलीकडे पोचलीस की तोंड धू, नाहीतर ओळखायचो नाही."

"तू आधी तुझं बघ," ती म्हणाली.

तिचा गट पलीकडच्या काठावर चढला आणि बाबांचा घोडा एकाएकी अडला. कान मागे, अंग थरथरतंय. मग त्यांनाही ऐकू आलं. वरून, राखेच्या धुक्यातून, धोंड्यावर धोंडा दळल्यासारखा आवाज. गंधकाचा वास आला. पात्राच्या वळणावरून जे बाहेर पडलं ते पाणी नव्हतं. घट्ट करडा चिखल, माणसाच्या दुप्पट उंच, त्यात घराएवढे बर्फाचे तुकडे आणि वाफ.

झिनोवी पात्राच्या मधोमध होता. पळाला असता तर कदाचित काठ गाठलाही असता. तो वळला, बुजलेल्या हरणांच्या मागे गेला आणि काठी उगारून त्यांना पुढे हाकलायला लागला. काही हरणं त्यामुळे खरोखर वर आली. फेक्लानं ती उगारलेली काठी बघितली. पुढच्या क्षणी तिथे काठी नव्हती, माणूस नव्हता, कळप नव्हता. नुसता चिखल वाहत होता, आणि कितीतरी वेळ वाहत राहिला.

तो ओसरल्यावर पलीकडच्या काठावर केशा दिसला. हात हलवत होता, ओरडत होता, पण ऐकू काही येईना. शेवटी तो खाली बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं. ती बसलेली आकृती राखेत दिसेनाशी होईपर्यंत फेक्ला बघत राहिली. मग ती उतारावरून धावत खाली गेली आणि चिखलात उतरली. गुडघ्यापर्यंत रुतली. चिखल गरम होता. बूट आतच राहिला.

"वर ये, पोरी."

"तो खाली आहे, बाबा."

"तो गेलाय." गाव्रीलबाबांनी काठावरच्या हरणांकडे मान वळवली. "माझा मुलगा गेलाय. ही वर उभी आहेत ना, ती अजून आहेत."

फेक्ला वर आली. एका पायाला कातड्याचा तुकडा गुंडाळला आणि उरलेली हरणं हाकत पश्चिमेला निघाली. रडली नाही, रडायला थांबली असती तर जनावरं पांगली असती.

झिनोवीचं म्हणणं खरं होतं. पलीकडे शेवाळ स्वच्छ होतं, पांढरं, घोट्यापर्यंत दाट. हरणांनी माना घातल्या. तोंडं भरली, चावू लागली, आणि थोड्या वेळानं ते शेवाळ तसंच तोंडातून खाली पडलं. दाढाच उरल्या नव्हत्या. त्या हिवाळ्यात फेक्लानं जनावरं भरल्या पानावरून उपाशी मरताना बघितली. जे खाली बसे आणि उठत नसे, त्याचं ती डोकं मांडीवर घेई आणि मानेत सुरी घाली. हे काम बायकांचं नव्हतं, पण बाबांच्या हातांत जोर राहिला नव्हता. पुढे तिनं मोठ्या पातेल्यात शेवाळ उकडून लगदा करायला सुरुवात केली. मुठीनं एकेकाला भरवायची. सगळ्यांना पुरेल एवढं जळण नव्हतं. कोणाला भरवायचं आणि कोणाला नाही हे तिलाच ठरवावं लागे. ती गाभण माद्या निवडायची आणि बाकीच्यांकडे बघायची नाही.

वसंतात हेलिकॉप्टर आलं. केशानं गाव गाठून जागा सांगितली होती, पण तोवर हिवाळाभर उडायला हवाच मिळाली नव्हती. आलेल्या माणसानं उरलेली हरणं बघितली, हळहळला, आणि म्हणाला की एवढ्याशा जनावरांची टोळी होत नाही. ती दुसऱ्या कळपात दिली. तिथल्यांनी त्यांचे दात बघितले आणि त्याच आठवड्यात कापली. केशानं हे फेक्लाला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. सोलत राहिली.

आता ती गावात होती, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला. लुशा त्याच इमारतीत, पण आईपाशी यायला बिचकायची. आईच्या अंगाला धुराचा वास येतो म्हणून पोरी तिला चिडवत. एका दुपारी ती आली, दारात उभी राहिली आणि रशियनमध्ये विचारलं, "बाबा कसे गेले?"

फेक्लानं हात पुसले आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एवेनमध्ये. लुशा ऐकत होती. मग फेक्लाच्या लक्षात आलं की पोरीला निम्मं कळत नाहीये. तिनं पुन्हा रशियनमध्ये सुरुवात केली, आणि तिच्याकडे शब्द नव्हते.

"चिखल," ती म्हणाली. "मोठा चिखल. बाबा... हरणं."

लुशानं तिचा ओला हात धरला. तेव्हा फेक्ला पहिल्यांदा रडली.

गाव्रीलबाबा गावात एकच हिवाळा जगले. भिंतींच्या घरात श्वास घेता येत नाही म्हणायचे. केशा आधी तंबाखू ओढायचा, आता प्यायला लागला. पण उन्हाळ्यात तो फेक्लाबरोबर कोरडीवर जायचा. चिखल दगडासारखा घट्ट झाला होता आणि पावसाचं पाणी त्याला थोडं थोडं कापत होतं. कधी शिंगं बाहेर यायची, कधी सामानाचा पट्टा. झिनोवी आला नाही. केशा वारल्यावर ती एकटी जायची, गुडघे चालले तोवर.

लुशा शिकली, शहरात गेली, नर्स झाली. एका सुट्टीत आली आणि गावच्या दफनभूमीत, आजोबांच्या शेजारी, वडिलांच्या नावाची लाकडी पाटी लावून घेतली. आईला घेऊन गेली. फेक्लानं पाटीवरून हात फिरवला.

"इथे तो नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे, आई. पण मलाही कुठेतरी जायला नको का?"

फेक्लानं हे कधी मनात आणलं नव्हतं. ती खाली बसली, थर्मासमधून चहा काढला, झिनोवीच्या वाटचा थोडा जमिनीवर ओतला, आणि उरलेला कप लेकीच्या हातात दिला.