माडावरच्या डब्याला लावलेलं तेल

तोंडवलीच्या मास्तरांना समुद्राकडच्या खोल्यांत वायफाय हवं होतं, पण त्यासाठी वायफायचा डबा माडावर बसवून तिथे करंट चढवायला त्यांची साफ ना होती. मास्तर निवृत्त शिक्षक, घरात पाहुणे ठेवायचे. आदल्या पावसात अंगणातल्या उघड्या वायरने त्यांच्या म्हशीला झटका दिला होता. गोष्ट २००८ च्या आसपासची. मी मालवणात कॉम्प्युटरच्या दुकानात होते आणि एकटीच्या जबाबदारीवरचं हे माझं पहिलं काम.

"मास्तर, घरातलो करंट थंय जावचोच नाय," मी म्हटलं. "घरात एक डबी बसयतंय. ती नेटच्याच केबलीत थोडी वीज सोडता. झटको लागण्याइतकी नाय."

"हेका इलेक्ट्रिशियन व्हयो गो," ते म्हणाले. "बघ हां, एकदा जरी बंद पडला तर सगळा काढून व्हर."

माडावर चढायला बाबा आले. बाबांचा जन्म होडीवर गेलेला, आणि चूक कबूल करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जाळं फाटलं तर खडकाची चूक, मासळी नाही मिळाली तर वाऱ्याची. त्यांनी डबा माडाला असा आवळून बांधला की तुफानातही हलू नये. खाली मी डबी चालू केली, वर हिरवा दिवा लागला. मी अक्षरशः नाचले.

पंधरा दिवसांत मास्तरांचा फोन. बंद!

बाबांना घेऊन गेले. घरातली डबी ठीक, केबलही ठीक. बाबांनी वरचा डबा उतरवून आणला. टोपण काढलं तर आत मुंग्याच मुंग्या, आणि तो वास. आमच्या होडीच्या फळ्यांना लावतात ते मोरी माशाचं तेल! केबलच्या टोकाला चांगलं चोपडलेलं, आणि त्यावरच मुंग्या जमलेल्या. मी बाबांकडे बघितलं. बाबा समुद्राकडे बघत होते.

मला असा संताप आला की विचारू नका. पण मास्तर हाताची घडी घालून समोरच उभे. मी मुकाट्याने डबा पुसला, केबलचं टोक कापून नवं बसवलं आणि म्हटलं, "चूक माझी, मास्तर. टोपण नीट लावलंय नाय."

"मी तुका सांगलेलंय..." मास्तरांनी सुरुवात केली.

"खोटा बोलता ती," बाबा मध्येच म्हणाले. मान खाली होती. "तेल मी लावलंय. खाऱ्या वाऱ्यान खराब होयत म्हणान. तिना जोडलेला बरोबरच होता. चूक माझी. माका काय ता बोला, माझ्या चेडवाचा काम काढू नकात."

माझ्या उभ्या आयुष्यात बाबांच्या तोंडून 'चूक माझी' मी पहिल्यांदा ऐकलं, तेही परक्याच्या अंगणात. माझा राग कुठच्या कुठे पळाला. इतका अभिमान मला त्यांचा कधीच वाटला नव्हता.

मास्तरांनी शिडी आणून माडाला लावली आणि स्वतः धरून उभे राहिले. बाबा वर चढले, मी आत जाऊन डबी चालू केली. बाहेरून बाबांची हाक आली, अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी.

"पेटलो! माझ्या चेडवाचो दिवो पेटलो!"