नडीनच्या अंगणातला ट्रक

व्हर्ना टॉलिव्हरनं जन्मभर शाळेची बस चालवली, पण कुणाच्या दारापुढं हॉर्न म्हणून वाजवला नाही. पोर आलं नाही की खाली उतरून दार ठोठावायची. अशा बाईनं आयुष्यात एकदाच दार ठोठावायचं टाळलं, आणि तेच तिला महागात पडलं.

झालं असं, की ड्वेन प्रुइटच्या कंपनीनं तिच्या घरावर नवं छप्पर घातलं आणि पहिल्याच हिवाळ्यात स्वयंपाकघराचं छत ओट्यावर कोसळलं. व्हर्ना कोर्टात गेली, जिंकलीही. निकाल हातात घेऊन वसुलीला निघाली, तर कंपनीच उरली नव्हती. ड्वेननं ती रीतसर बंद केली होती आणि स्वतः आयडाहोला पसार झाला होता.

कोर्टातल्या खिडकीवरच्या बाईनं तिला सांगितलं, की कंपनी मेली तरी जाताना तिनं भागधारकांना जे वाटून दिलं, तेवढ्यापुरता त्यांच्यावर दावा लावता येतो. भागधारक दोनच निघाले. एक ड्वेन, दुसरी त्याची बहीण नडीन कॉब. भावाच्या भिडेखातर तिनं कधीकाळी सही केली होती. कंपनी बंद होताना, ती आधीपासून वापरत होती तो जुना पिकअप ट्रक तिच्या वाट्याला आला होता.

चर्चमध्ये गोधड्या शिवायला बायका जमत, तिथं व्हर्नाच्या शेजारची खुर्ची नडीनची. छत कोसळलं त्या संध्याकाळी ओव्हनमध्ये भाजलेलं गरम कॅसरोल भांड्यासकट घेऊन तीच आली होती, त्याच ट्रकमधून. नवऱ्याला, मर्लला, डायलिसिसला न्यायची तीही त्यातूनच.

व्हर्नानं तिला आधी सांगायला हवं होतं. पण दावा लावून आल्यावरही ती तिच्या शेजारी बसून मुकाट टाके घालत राहिली. कोर्ट कळवेलच, आपण कशाला वाईट व्हा, अशी तिनं मनाची समजूत घातली. लाज वाटत होती, दुसरं काय. शेरीफचा माणूस नोटीस घेऊन नडीनच्या दारात उभा राहिला, तेव्हा सगळी आळी पडद्याआडून बघत होती. नडीन कोर्टात आलीच नाही. निकाल लागला, ट्रक ओढून नेला, लिलावात गेला. ड्वेन तिकडं मजेत. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर व्हर्नाच्या हातात.

त्या पैशांतून छप्पर नवं झालं, पण व्हर्नाला घास गोड लागेना. शेवटी तिनं कॅसरोल केलं. भांडं परत यावं म्हणून बुडाला स्वतःच्या नावाची पट्टी होतीच. भांडं घेऊन ती नडीनच्या दारात गेली. नडीननं ते हातात घेतलं, आत ये काही म्हटलं नाही.

"ट्रकचं काही नाही गं," नडीन म्हणाली. "आधी येऊन बोलली असतीस, तर किल्ली मीच तुझ्या हातात ठेवली असती."

"मला धीर झाला नाही, नडीन."

"शेरीफला धाडायचा झाला की."

त्या गावात आलेलं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. भांडणातसुद्धा चार बिस्किटं, झाडाची दोन लिंबं, काहीतरी घालतातच. शनिवारी व्हर्नाला भांडं पायरीवर दिसलं. लख्ख घासलेलं होतं. आत आणून ओट्यावर ठेवून तिनं झाकण उचललं. आत काही नव्हतं.

बाहेर पाऊस कोसळत होता. छपरातून एक थेंबसुद्धा गळला नाही.