नसलेला नियम

एरवी इथल्या मराठी मंडळींच्या या ग्रुपवर मी महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्यांना भाड्याची घरं सुचवते. आज मात्र शिव्या खायला आलेय.

दुपारी आमच्या सरकारी विमा ऑफिसात एक बाई नवऱ्याच्या मृत्यूच्या क्लेमचे कागद घेऊन आली. कडेवर तान्हं बाळ. ते रडायला लागलं, तशी ती बाकावरच ओढणीआड त्याला पाजायला लागली. काही दिसत नव्हतं, कुणी तक्रारही केली नव्हती. तरी मी काउंटरवरून उठून म्हणाले, "यहाँ अलाउड नहीं है. नियम है."

"माफ करना मॅडमजी, मालूम नहीं था," म्हणत ती बाहेर उन्हात स्कूटर स्टँडपाशी जाऊन बसली. तेवढ्यात तिचा नंबर पुकारून झाला. ती परत आली तेव्हा खिडकी बंद झाली होती. "कल आना," हेही मीच सांगितलं.

संध्याकाळी साहेबांना विचारलं, असा काही नियम आहे का? ते म्हणाले, "नहीं तो! किसने कहा आपसे?"

कुणीच नाही. माझी मुलगी लहान असताना सासूबाई तिला ऑफिसात घेऊन यायच्या आणि मी रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या आड बसून पाजायचे. तेव्हाही मला लपायला कुणी सांगितलं नव्हतं. लाज माझी होती, त्या लाजेलाच आज मी नियम म्हटलं.

उद्या ती आली तर आधी माफी मागेन. पण आज घरी जाऊन तिनं शेजारणींना सांगितलंच असेल, की सरकारी ऑफिसात मूल पाजायला मनाई असते. त्या सगळ्यांना मी कुठं शोधू?