मऊ डबा, कडक डबा

आमच्या माडीवरच्या भाडेकरूंसारखे कान देवाने सोलापुरात दुसऱ्या कुणाला दिलेले नाहीत. मी चौथी शिकलेली बाई, जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला. मला संगीत कळत नाही, पण अजब माणूस कळतो.

मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद करून त्यांनी उतारवयात गिटार घेतली आणि तिच्यासाठी स्वतःच्या हाताने दोन ॲम्प्लिफायर बांधले. मी त्यांना डबेच म्हणते. आत काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे. एक डबा कितीही चढवा, आवाज धुतल्या काचेसारखा. दुसरा जरा चढवला की आवाज फाटायचा, घरघरायचा. मी आयुष्यभर तुटलेले धागे जोडत आले, आणि हा माणूस धड आवाज फाडत बसलेला! ‘‘बिघडलाय तो तुमचा डबा,’’ मी तोंडावर सांगितलं. ‘‘बिघडला न्हाय आक्का, बिघडवलाय. लई मेहनत हाय त्यात.’’

दर रविवारी परीक्षा असायची. हाती लागेल त्याला, एकदा तर गॅस सिलिंडरवाल्यालाही, भिंतीकडे तोंड करून बसवायचे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाजवायचे नाहीत. ‘‘तेल तापल्याबिगर मोहरी टाकता का तुमी?’’ मग तीच चाल दोन्ही डब्यांवर. ‘‘पयली मऊ भाकरी, दुसरी कडक. सांगा, कुठली आवडली?’’ सगळे मऊ, म्हणजे स्वच्छ आवाजाचा डबा म्हणायचे. ते मान डोलवायचे आणि पुन्हा कडक डब्याचे स्क्रू काढून बसायचे. खंडेनवमीला हार मात्र दोन्ही डब्यांना सारखाच.

त्यांची बायको माझ्याबरोबरच मागावर होती. त्या खडखडाटाने माझे कान थोडे घेतले, तिचे जवळजवळ सगळे. परीक्षेच्या वेळी ती कडक डब्याला पाठ टेकून शेंगा सोलत बसायची. मला वाटायचं, उबेला बसते.

मग मुलगा दोघांना पुण्याला न्यायला आला. फ्लॅट लहान. ‘‘बाबा, एकच आणा. आणि तो स्वच्छ आवाजाचाच आणा.’’ शेवटची परीक्षा झाली. मुलगा, सून, मी, सगळ्यांनी मऊ डब्यालाच कौल दिला. त्यांनी बायकोचा तळवा मऊ डब्यावर ठेवला आणि वाजवलं. ती आमच्या तोंडांकडे बघत म्हणाली, ‘‘लावला न्हाय का अजून?’’ मग तळवा कडक डब्यावर ठेवला. आवाज फाटला, लाकूड थरथरलं आणि तिची मान तालावर हलायला लागली. ‘‘व्हय, हे आपलं,’’ ती म्हणाली.

इतकी वर्षं हा माणूस आवाज कशासाठी बिघडवत होता, ते तेव्हा कळलं.

‘‘अहो बाबा, शेजारी भांडतील!’’ मुलगा म्हणाला.

‘‘भांडू दे की. तिला कुटं ऐकू येतंय?’’

कडक डबा पुण्याला गेला. मऊ माझ्याकडे ठेवला. ‘‘मधनंमधनं लावत जावा आक्का, बंद पडून खराब हुतो.’’ गिटार कुठली माझ्याकडे? तरी रविवारी बटण दाबते. व्हॉल्व्ह तापून नारिंगी होतात आणि मी सवयीने भिंतीकडे तोंड करून बसते. इतका स्वच्छ आवाज मी कधीच ऐकला नव्हता. करमत नाही.