भट्टीवरच्या बायकांचं रक्त

१९९९ साली मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत होतो. शहराबाहेर एका काजू कारखान्यात दहाबारा बायका भट्टीवर बिया भाजायच्या. टरफलातलं तेल पेटलं की काळा धूर पत्र्याखाली कोंडायचा. धुराडं नव्हतं. मी तिथे रक्ताचे नमुने मागायला गेलो तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींनी विचारलं, "मास्तर, तुमच्या मशिनीत आमचा धूर दिसल काय?"

"दिसेल," मी म्हणालो.

कारखान्याच्या शेठनी ते ऐकलं. "आकडे दाखवा. पुढच्या हंगामाआधी धुराडं बांधतो."

धुरामुळे शरीरात ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात आणि ते प्रथिनांना इजा करतात. त्या इजेची एक खूण म्हणजे प्रथिनावर तयार होणारा कार्बोनिल गट. शरीराला ही इजा सहसा भरून काढता येत नाही, म्हणून ती मोजता येते. एक पिवळं रसायन कार्बोनिलला चिकटतं. नमुना त्याच्याबरोबर तासभर अंधारात ठेवायचा, आम्लाने प्रथिनं खाली बसवायची, न चिकटलेलं रसायन पुन्हा पुन्हा धुवायचं आणि उरलेला रंग यंत्रावर वाचायचा. धुण्यात कसूर झाली तर आकडा खोटाच वाढतो. मी कसूर केली नाही. प्रत्येक नमुना दोनदा केला आणि त्याचा मला गर्व होता.

तुलनेसाठी आतल्या खोलीत गर निवडणाऱ्या बायकांचंही रक्त घेतलं होतं. तंबाखूनेही हीच इजा वाढू शकते, म्हणून सगळ्यांना मी विचारलं होतं, "तंबाखू खाता? विडी ओढता?" सगळ्या नाही म्हणाल्या. भट्टीवाल्यांचे आकडे स्पष्ट जास्त आले. मी अहवाल घेऊन गेलो.

शेठनी तो वाचला आणि मावशींना हाक मारली. "काय गो, तंबाखू खातेस?"

"मी कशाला खाऊ? बाप्ये खातात."

"आणि सकाळी दातांना काय लावतेस?"

"मशेरी."

"एकदाच?"

मावशी हसल्या. "धुरात बसायचं म्हंजे मधीमधी लागते. समद्याच लावतात."

"आत निवडायला बसतात त्या?"

"त्यांना कशी चालंल? बोटं गराला लागतात. तुमीच तर वरडता!"

शेठ माझ्याकडे वळले. "मास्तर, मशेरी कशाची करतात?"

भाजलेल्या तंबाखूची. माझी आई आयुष्यभर मशेरी लावत होती, पण आमच्या घरात तिला तंबाखू खाणारी म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. मला हे ठाऊक होतं. तरी प्रश्न मी पुस्तकातल्यासारखा विचारला. परक्या बायकांना मशेरीबद्दल विचारायचा संकोचही होता.

"म्हणजे हे धुरानंच झालं, असं म्हणता येतं?" शेठनी विचारलं.

"या आकड्यांवरून नाही," मी म्हणालो.

हे उत्तर खरं होतं. पण तेव्हा माझे स्वतःचे डोळे धुराने गळत होते. धुराडं बांधायला कार्बोनिल मोजावं लागत नाही, एवढं मी म्हणू शकलो असतो. मशेरी न लावणाऱ्या बायका शोधून पुन्हा मोजतो, असंही म्हणता आलं असतं. चूक पकडली गेल्याची लाज इतकी होती की मी अहवाल मागून घेतला. शेठनी तो लगेच दिला.

बाहेर मावशी उभ्या होत्या. "काय निघालं वो आमच्या रक्तात?"

"मावशी, मशेरी सोडा," मी म्हणालो.

त्यांनी पदराने नाक पुसलं. पदर काळा झाला.

"सोडते की. मग धूर कमी येल?"

मी बसची वेळ झाल्याचं सांगितलं आणि निघालो. बसला अजून बराच वेळ होता.