विचारणारं मशीन

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या प्रिंटरशी भांडत होतो. त्याचा मेहुणा एवढंच म्हणाला, "दाजी गेलं... लगेच या." कावीळ झाल्याचं मला ठाऊक होतं. रविवारी सवडीनं भेटायला जाऊ, असं मी ठरवलंही होतं. तो रविवार काही त्याला मिळाला नाही.

कराडला इंजिनिअरिंगला असताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी उरकणारा, तो रमणारा. माझं काम होऊन मी हात धुवून यायचो, तरी हा गडी एक स्क्रू बोटांत फिरवत बसलेलाच. पुढे त्यानं सांगलीत, विश्रामबागला, घरातच लग्नपत्रिकांचं काम सुरू केलं. एकच कॉम्प्युटर, पण त्यात विंडोजच्या शेजारी हट्टानं लिनक्स ही दुसरी प्रणालीही बसवलेली. दिवसा विंडोजवर सुनंदावहिनी पत्रिका जुळवायच्या, सकाळी आधी लिनक्सवर याचे प्रयोग. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या : एक, सुनंदा, दोन, मिलिंद. एक दाबलं की विंडोज, दोन दाबलं की लिनक्स; आकडा दाबेपर्यंत मशीन जागचं हलायचं नाही. "कशाला खोळंबून ठेवतोस रे?" मी चिडायचो. तो हसायचा. "गड्या, मशीननं आदी इचारावं. न इचारता सुरू झालं तर ते मशीन न्हाई, सायब हाय."

आकडा दाबायचा मान त्याच्या आईचा, आक्कांचा. त्यांना अक्षरं येत नव्हती, पण आकडे ओळखायच्या. सकाळी चहा ठेवला की मशीन लावायचं, दोन दाबायचं आणि हाक मारायची, "मिल्या, ऊठ रं, तुजं मशीन उठलं बग!" मी मुक्कामाला असलो की मलाही त्याच हाकेनं जाग यायची.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनींनी मला थांबवून घेतलं. "भावजी, लगीनसराई तोंडावर आलीय. डिस्क भरलीय, काम पुढं सरकंना. ह्यांचं ते लिनक्स काढून टाकता का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. घर आता त्या पत्रिकांवरच चालायचं होतं. मी बसलो आणि समोरचा चहा निवायच्या आत सगळं पुसलं. आत काय आहे, तो इतकी वर्षं रोज सकाळी काय करत बसायचा, हे उघडून बघितलंसुद्धा नाही... जागा मोकळी झाली. लिनक्सबरोबर त्या दोन ओळीही गेल्या. मशीन झटकन सुरू होऊ लागलं म्हणून मी स्वतःवरच खूश होऊन कराडची एसटी धरली.

पुढच्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला. आक्का रोज सकाळी मशीन लावतात, दोन दाबत राहतात, आणि ते मात्र सरळ विंडोजमध्ये जातं. मग त्या चहा तसाच टाकून उठतात. मी दुकान बंद करून तडक सांगली गाठली. आक्का दारातच बसल्या होत्या.

"काय रं, मशीन आता इचारतच न्हाई. तूच मुकं केलंस न्हवं?"

"व्हय, आक्का." मला मान वर करवेना. मिलिंदला काविळीनं नेलं, पण घरातलं त्याचं नाव मी पुसलं होतं, तेही त्याच्याच घरचा चहा पिऊन.

पुसलेलं लिनक्स परत येणार नव्हतं. निदान त्या दोन ओळी आणाव्यात म्हणून विंडोज सुरू होताना जी फाइल वाचतं, तीत मी हातानं मेनू लिहायला घेतला. दोनदा चुकलो, मशीन अडकलं. आयुष्यात पहिल्यांदा मला उरकायची घाई नव्हती. शेवटी काळ्या पडद्यावर ओळी उमटल्या : एक, सुनंदा, दोन, मिलिंद. दोन्हींच्या मागं विंडोजच होतं. हे आक्कांना सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी दोन दाबलं, समोर वहिनींचा पत्रिकांचा पडदा उगवला.

"कुटलंबी दाबलं तरी सुनंदाचंच उगवतंय, व्हय?"

"व्हय, आक्का... त्याचं आता काही राहिलं नाही."

 आक्कांनी मला मशीन बंद करून परत लावायला सांगितलं. दोन ओळी आल्या आणि थांबल्या.

"असू दे," आक्का म्हणाल्या. "इचारतंय तर खरं." आणि त्यांनी पुन्हा दोन दाबलं.